'टेक ऑन मी'ची चित्रं ज्यांनी काढली त्यांचीही नावं छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऐंशीच्या दशकातल्या पॉपवर काही छापून आलं की 'टेक ऑन मी' असतंच, आणि लिहिलेलंही तेच असतं, नॉर्वेच्या आ-हा बँडचं गाणं व्हिडिओमुळे चाललं, सोबत गायक मॉर्टन हार्केटचा फोटो, विषय संपला. मला हे अपुरं वाटतं.

एक तर ते गाणंच दोनदा बनलंय. 1984 सालचं रेकॉर्डिंग ब्रिटनमध्ये पडलं, त्याचा व्हिडिओ म्हणजे निळ्या पार्श्वभूमीपुढे बँड गातोय, बास. मग ॲलन टार्नी या निर्मात्याने ते नव्याने केलं आणि आज आपण ऐकतो ते हे. ड्रम मशीनचा पळता ठेका, त्यावर बँडमधल्या मॅग्ने फुरुहोल्मेनची ती सिंथेसायझरची धून जी सुरू होताच गाणं ओळखू येतं, आणि कोरसमध्ये हार्केटचा आवाज खालून चढत चढत पार वरच्या टोकाला जातो, अडीच सप्तकांहून जास्त, अजूनही अंगावर काटा येतो. हेही ब्रिटनमध्ये आधी चाललं नाही हे खरंय, म्हणून व्हिडिओचं मोल मी अजिबात कमी करत नाहीये, उलट मला त्याबद्दलच बोलायचंय.

व्हिडिओ म्हटलं की दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनचं नाव येतं, ते यायलाच हवं. पण कॉमिकमधला हात बाहेर येतो, मुलगी कागदाच्या जगात ओढली जाते, चेहरा अर्धा पेन्सिलचा अर्धा खरा दिसतो, ते सगळं हाताने काढलंय मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. आधी माणसं कॅमेऱ्यावर शूट करायची, मग त्या फिल्मची एकेक फ्रेम घेऊन त्यावरून चित्र काढायचं. अशा साधारण 3000 फ्रेम्स, काम चाललं जवळपास 16 आठवडे. आणि नुसतं गिरवणं असतं तर ते इतकं जिवंत दिसलं नसतं, प्रत्येक चित्रात रेघ जराशी वेगळी पडते म्हणून सगळं सतत थरथरत राहतं, आणि ती थरथर त्या धावत्या ठेक्याला इतकी चपखल बसते की आवाज बंद करून बघितलं तरी गाणं ऐकू येतंय असं वाटतं. ही शैलीही पॅटरसनची स्वतःची, विद्यार्थी असताना केलेल्या छोट्या ॲनिमेशन फिल्ममधून आलेली.

ऑक्टोबर 1985 मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, 1986 ला व्हिडिओला एमटीव्हीचे सहा पुरस्कार मिळाले, 2020 मध्ये यूट्यूबवर 100 कोटी व्ह्यूज झाले. एवढं सगळं ज्या चित्रांवर उभं आहे ती काढणाऱ्या दोघांना लेखात अर्धी ओळ मिळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि आता एका फिल्टरने फोन कुठल्याही व्हिडिओला पेन्सिलचा लूक देतो तेव्हा तर नव्या मुलांना वाटणार हेही असंच झालं असेल.

तेव्हा विनंती एवढीच, पुरवणीत म्युझिक व्हिडिओवर लिहाल तेव्हा गायक आणि दिग्दर्शकासोबत ॲनिमेटर, संकलक, कॅमेरामन यांचीही नावं द्या. जागा कमी असेल तर फोटो थोडा लहान करा, चालेल.

आपला,
एक नियमित वाचक