थर्माकोल आधी तोलून बघा, मग छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या वास्तू पुरवणीतला, गच्चीवर फोम टाकला की घर गार होतं असं सांगणारा ‘गच्चीवर फोम, घरात महाबळेश्वर’ हा लेख वाचला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण मला वाटलं माझंच काहीतरी वाचायचं राहिलंय. पण नाही, राहिलं होतं ते लिहिणाऱ्याचंच. पानभर नुसतं फोम फोम केलंय, कोणता फोम ते कुठेच नाही. पांढरा दाण्यादाण्यांचा थर्माकोल, निळ्या नाहीतर गुलाबी रंगाची ती एक्सपीएसची (थर्माकोलच्याच प्लास्टिकची, पण दाणे नसलेली) घट्ट शीट, आणि दोन रसायनं मिसळून जागेवर फसफसवून मारतात तो पिवळा पफ (पॉलियुरेथेन फोम), हे तिन्ही तुमच्या लेखकाच्या लेखी एकच. उद्या पोहे, चुरमुरे आणि लाह्या एकच म्हणाल, शेवटी तिन्ही हलकेच की.

मी काही इंजिनिअर नाही. एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ३१ वर्षं असिस्टंट होते. दर जूनला नवीन पोरं आली की सर एक गंमत दाखवायचे, बीकरमध्ये बोटभर ॲसिटोन घ्यायचं आणि त्यात थर्माकोलची हातभर लांब पट्टी उभी धरायची, ती बघता बघता आत गडप, पोरं टाळ्या वाजवायची, आणि तळाशी उरलेला चिकट गोळा खरवडायचं काम माझ्याकडे. ३१ वर्षं खरवडलाय तो. त्यामुळे थिनर, पेट्रोल असलं काही थर्माकोलला लागलं की काय होतं हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

आता खरं दुखणं सांगते. आमचं घर जुळे सोलापुरात, आम्ही वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. दिवसा एकवेळ चालतं हो, ओल्या टॉवेलवर दिवस निघतो, पण रात्री नऊनंतर दिवसभर तापलेला स्लॅब खाली उष्णता सोडायला लागतो आणि पंखा लावला की भट्टीसमोर बसल्यासारखं. म्हणून तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ओळखीतला एक कॉन्ट्रॅक्टर बोलावला. नाव लिहीत नाही, आमच्याच गल्लीत राहतो आणि अजून रोज नमस्कार करतो. म्हणाला, दोन इंची हाय डेन्सिटी, म्हणजे जास्त घट्ट आणि जड, थर्माकोल टाकू, त्यावर प्लास्टिकचा कागद, जाळी, कोबा, आणि वरून पांढरी फरशी. कल्पना बरोबरच होती, मी आजही म्हणते बरोबर होती. थर्माकोल म्हणजे ९८ टक्के हवाच, दाण्यात कोंडलेली, आणि कोंडलेली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. दोन इंच थर्माकोल जेवढं अडवतो तेवढं अडवायला काँक्रीट सहा-सात फूट जाड ओतावं लागेल. एवढं साधं वाक्य तुमच्या लेखात असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

टेम्पो आला. पोरं एकेक शीट दोन बोटांवर नाचवत जिना चढत होती, तिथंच मला शंका आली. बोटाने दाबलं तर दाणे सुटून हातात. मी खाली जाऊन किचनमधला वजनकाटा घेऊन आले. शीट एक मीटर बाय अर्धा मीटर, जाडी ५० मिलिमीटर, म्हणजे २५ लिटरचा ठोकळा. घनमीटरला २० किलोचा माल असेल तर एक शीट ५०० ग्रॅम भरली पाहिजे. भरली २६०. टीव्हीच्या खोक्यात घालतात तो माल हा, आणि बिलात हाय डेन्सिटी. विचारलं तर म्हणतो कसा, ‘काकू, थर्माकोल हलकाच असतो.’

हे मी गिळलं. माझी चूक. माल परत करायला ह्यांनी नको म्हटलं, ओळखीतला माणूस आहे वगैरे.

दुसऱ्या दिवशी जिन्यातच मला वास आला. वर जाऊन बघते तर काळा डांबरी प्रायमर, तो पातळ सॉल्व्हंटवाला, ब्रशने फासतायत आणि त्यावर शीट चिकटवतायत. मी म्हटलं, अहो थांबा, हे विरघळेल, पाण्यात मिसळतो तो घ्या नाहीतर सिमेंटवाला चिकटवा. तर म्हणाला, ‘काकू, तुम्ही खाली जावा, ऊन लय हाय, चहा टाका सहा कप.’ सहा कप! मी गेले नाही, तिथंच टाकीच्या सावलीत उभी राहिले. पाच-दहा मिनिटांत शीटला आंबोळीसारखी जाळी पडायला लागली. मी नुसतं बोट दाखवलं. त्याने वाकून बघितलं, हात पँटला पुसला आणि म्हणाला, ‘होतंय थोडं. वरून कोबा टाकला की दिसत नाही.’

चहा मी शेवटी टाकलाच. का टाकला ते मला आजही कळत नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्या उन्हाळ्यात फरक पडला. रिटायर होताना लॅबमधून मिळालेला थर्मामीटर घरात आहे, खोलीत रात्री तीनेक अंश कमी दिसायचं. तुमच्या लेखात छातीठोक १० अंश लिहिलंय. कुठले १०? गच्चीच्या फरशीचे, स्लॅबच्या खालच्या बाजूचे, की माणूस झोपतो त्या हवेचे? तिन्ही ठिकाणी थर्मामीटर वेगवेगळं सांगतो आणि जाहिरातवाला त्यातला सगळ्यात मोठा आकडा उचलतो हे कळायला ३१ वर्षं लॅबमध्ये काढायला लागत नाहीत.

मग पावसाळा. दाण्याच्या आत पाणी सहसा शिरत नाही, दोन दाण्यांच्या मधल्या फटीत शिरतं, आणि आमच्याकडे तर फटीच फटी, अर्धं प्रायमरने खाल्लेलं आणि अर्धं मुळात भुसभुशीत. वर कोबा, खाली स्लॅब, मधे ओला थर्माकोल, सुकणार कुठून? पाणी हवेच्या वीसेक पट उष्णता पोचवतं, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात आमच्या डोक्यावर उष्णता अडवणारं काही नव्हतंच, ओली गोधडी होती फक्त. बेडरूमच्या छताला ओल धरली ती वेगळीच. भरीला मुंग्या. आषाढी एकादशीला सकाळी ह्यांनी हाक मारली, अगं बघ, मुंग्या साबुदाणा नेतायत. मी म्हटलं साबुदाणा डब्यात आहे, झाकण लावलेलं आहे. कठड्याच्या बुडातून पांढऱ्या दाण्यांची रांगच्या रांग चालली होती आणि खाली शुभ्र ढीग. थर्माकोल पोखरून त्यात घर केलेलं त्यांनी. आमच्या पैशाने गार कुणाला वाटलं असेल तर त्या मुंग्यांना.

यंदा मे महिन्यात सगळं फोडून काढलं. तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. दुपारी वारा सुटला आणि ते दाणे अख्ख्या कॉलनीत. अंगाला चिकटतात, झटकले तर हाताला चिकटतात. शेजारच्या वहिनींनी गच्चीवर कुरडया घातलेल्या, ओल्या कुरडयांवर पांढरे दाणे बसले ते वेगळे काढायचे कसे? त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. भंगारवाला म्हणाला, वजनच भरत नाही मावशी, काय घेऊ. घंटागाडीवाल्याने पोत्यांना हात लावला नाही. २०१८ ला मार्चमध्ये राज्य सरकारने थर्माकोलची ताटं-वाट्या आणि सजावट बंद केली, मखरवाले गणपतीपुरती सूट मागायला हायकोर्टात गेले तर जुलैत कोर्टानेही नाही म्हटलं. चांगलं केलं, माझी तक्रार नाही. पण घरातल्या दीड फुटी मखरावर एवढी नजर आणि गच्चीवर चढणाऱ्या टेम्पोभर मालाचं वजन कुणी बघायचं?

त्याच ढिगाशेजारी सोलरच्या स्टँडचं वेल्डिंग चाललं होतं. मी ओरडून थांबवलं, तो हसला. हसण्यासारखं नाहीये. ११ एप्रिल १९९६ ला जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर वरच्या रस्त्यावर वेल्डिंग चालू होतं, ठिणग्या फटीतून खाली छतातल्या थर्माकोलच्या जातीच्या शीटवर पडल्या आणि १७ माणसं गेली. लंडनचा ग्रेनफेल टॉवर तर तुम्हीच पहिल्या पानावर छापला होता, जून २०१७, ७२ माणसं. तिथे आग मुख्यतः बाहेरच्या पत्र्यांच्या मधल्या प्लास्टिकने पसरली, पण त्यामागच्या फोमच्या शीटनीही हातभार लावला. आणि कालच्या तुमच्या लेखात आग हा शब्द एकदाही नाही! वर फोटो कसला, तर मुलांच्या खोलीत छताला आतून चिकटवलेला उघडा फोम, त्यावर चांदण्या काढलेल्या. गच्चीवर कोब्याखाली दाबलेला थर्माकोल आणि पोरांच्या डोक्यावर उघडा टांगलेला थर्माकोल यात काही फरक आहे की नाही? पेटला तर वितळून थेंब थेंब खाली पडतो, आणि काळा धूर असा की दार दिसत नाही. चांदण्या काय बघताय?

माझा भाचा सिव्हिलचा आहे. तो म्हणतो मावशी, इतकी कटकट नको, वॉटरप्रूफिंग नीट करून घे आणि त्याच्या वर ती एक्सपीएसची शीट टाक, ती फारसं पाणी घेत नाही, वर फरशी. त्याच्याकडूनच कळलं की २०१८ ला केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने घरांसाठी इको निवास संहिता काढली, त्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातलीय, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे चौरस मीटरला १.२ वॅट. नुसता उघडा स्लॅब तीनच्या वर जातो. म्हणजे आपली बहुतेक घरं पहिल्याच पेपरात नापास. हे छापा की कधीतरी. बिल्डरच्या जाहिरातीत स्विमिंग पूल असतो, जिम असते, छताचा आकडा कुणाच्या माहितीपत्रकात बघितलाय का तुम्ही?

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, माळवदाचं घर. तुळया, त्यावर पाला आणि वर हातभर पांढरी माती. भर मे महिन्यात दुपारी खाली पांघरूण घेऊन झोपायचो. पावसाळ्यात गळायचं, हे पण खरं, आई चार ठिकाणी घमेली ठेवायची, त्यामुळे जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही. पण मातीचा थर किती पाहिजे हे तिथे कुणीही हाताने दाखवायचं. इथे पन्नास हजार घालवून मला थर्माकोलचा थर कसा असावा हे भाजी तोलायच्या काट्यावर शोधावं लागलं.

सध्या गच्चीवर नुसता चुना मारलाय, त्यात फेविकॉल घालून. पैसे जमले की भाच्याचं ऐकणार.

आणखी एक. लेखाच्या बरोब्बर खाली अर्ध्या पानाची जाहिरात होती, फोमचीच. योगायोग असेल, मी काही म्हणत नाही. पण लेखातली दोन वाक्यं आणि जाहिरातीतली दोन वाक्यं अक्षर न अक्षर सारखी आहेत, निदान एका ठिकाणी तरी ‘अत्यंत’ काढून ‘अतिशय’ करायचं होतं. आणि मागे पाणी चार-पाच दिवसांआड येतं त्यावर मी दोन पानी पत्र पाठवलं होतं, त्याचं तुम्ही साडेतीन ओळींचं केलंत आणि त्यातही ‘चार-पाच दिवसांआड’चं ‘दिवसाआड’ छापलंत. शेजारीपाजारी विचारायला लागले, काकू तुमच्याकडे दिवसाआड येतं होय, आम्हाला पण लाइन जोडून द्या.

हे पत्रही कापणार असाल तर कापा, जागेची अडचण मला समजते. लॅब काढा, माहेर काढा, कुरडया काढा. फक्त ते वजनाचं वाक्य तेवढं ठेवा, एक मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिलिमीटर जाड, ५०० ग्रॅम. आणि आकडा नीट छापा.

आपली नियमित वाचक,
जुळे सोलापूर
(नाव छापू नये. कारण वर दिलंय, तो रोज नमस्कार करतो.)