मागे बसणाऱ्याला लाल बटण माहीत हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने 2025 मध्ये इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीचे धोरण मंजूर केल्यापासून भाडे, परवाने आणि रिक्षाचालकांचा विरोध यांवर पुष्कळ लिहून आले. पण धावत्या गाडीवर चालकालाच भोवळ आली किंवा छातीत कळ आली, तर मागच्या प्रवाशाने काय करावे, हे कुठे वाचनात आले नाही. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मागे बसून स्टेशन गाठणाऱ्या आमच्यासारख्यांपुढेही हाच प्रश्न आहे.

अशा वेळी हँडल हिसकावून घ्यावेसे वाटते आणि नेमके तेच घातक ठरते, कारण बऱ्यापैकी वेगात असलेली दुचाकी थोडा वेळ आपली आपण सरळ जाते, मागून बसलेला हिसका मात्र तिला पाडतो. त्याऐवजी डाव्या हाताने चालकाला कवेत धरून ताठ ठेवावे आणि उजव्या हाताने उजव्या मुठीजवळचे, इंजिन बंद करणारे लाल बटण दाबावे. क्रम महत्त्वाचा आहे, बटण दाबेपर्यंत चालकाला मागे खेचू नये; त्याची मूठ आवळलेली असताना त्याला आधी मागे खेचले, तर अ‍ॅक्सिलरेटर पिळला जाऊन वेग वाढण्याची भीती असते. मोटारसायकल गिअरमध्ये असेल तर इंजिन बंद पडताच तिचा वेग आपोआप कमी होतो, म्हणून डावीकडच्या क्लचला हात लावू नये. बिनगिअरच्या स्कूटरवर मात्र डावीकडे मागचा ब्रेक असतो, तो हात पोहोचल्यास हळूहळू दाबावा. बऱ्याच जुन्या स्कूटरना हे बटणच नाही. तेथे किल्ली 'ऑफ'पर्यंतच फिरवावी, त्यापुढे हँडल लॉक होऊ शकते.

हे दर वेळी साधेलच असे नाही, आणि साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईला तर चालकाला धरणेही कठीण. त्यामुळे चालक अडखळत बोलू लागला, घामाघूम झाला किंवा गाडी लेन सोडून भरकटू लागली, तर भीडभाड न ठेवता तेव्हाच थांबायला लावणे अधिक शहाणपणाचे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मागच्या सीटसाठी हातपकड, पाय ठेवण्याची सोय आणि साडी गार्ड सक्तीचे केले, हेल्मेटही दोघांना बंधनकारक आहे. म्हणजे मागे बसणारा पडू नये एवढी काळजी घेतली गेली, त्याला काही करता यावे याची नाही. परिवहन विभागाने बाइक टॅक्सीच्या चालकांना प्रवासी बसताना ते बटण दाखवण्याची सक्ती करावी आणि शिकाऊ परवान्याच्या चाचणीत यावर एक तरी प्रश्न घालावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, बोरिवली (पश्चिम)