चौथं औषध कुठे आहे, मंत्रीमहोदय?

माननीय आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी थॅलेसीमियाच्या, म्हणजे शरीरात पुरेसं निरोगी रक्त तयार न होणाऱ्या जन्मजात आजाराच्या, रुग्णांसमोर आपण जाहीर शब्द दिला होतात: शरीरात साठलेलं लोह बाहेर काढणाऱ्या नव्या औषधांच्या संशोधनासाठी स्वतंत्र निधी देऊ. मी समोरच बसले होते, टाळ्याही वाजवल्या. परवा आपल्या खात्याचं पत्र आलं. ‘रुग्णसंख्या मर्यादित असल्याने प्रस्तावास तूर्त प्राधान्य देता येत नाही.’ त्याच आठवड्यात माझ्या मुलाच्या हृदयाच्या एमआरआयचा अहवालही आला. टी-टू-स्टार, म्हणजे हृदयातल्या लोहाचा अंदाज देणारं माप, ९ मिलिसेकंद. हा आकडा २० च्या खाली गेला की हृदयात लोह साठतंय असं समजतात. १० च्या खाली गेला की डॉक्टर आईला बाजूला बोलावून बोलतात.

आपल्या सल्लागारांनी सांगितलं नसेल तर मी सांगते. जादा लोह बाहेर टाकायची सोय माणसाच्या शरीरात नाही. दिवसाला १-२ मिलिग्रॅम आपोआप जातं, तेवढंच. रक्ताच्या एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं आणि माझ्या मुलाला दर तीन आठवड्यांनी दोन पिशव्या चढवाव्या लागतात. म्हणजे वर्षाला ७-८ ग्रॅम. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून ३-४ ग्रॅम असतं! हे सगळं यकृतात, हृदयात, स्वादुपिंडात जाऊन बसतं. रक्त चढवलं नाही तर मूल जगत नाही, आणि चढवलेल्या रक्तातलं लोह काढलं नाही तरी जगत नाही.

ते काढणारी औषधं जगात तीन. तिन्ही आम्ही वापरून झाली.

डेफेरॉक्सामिन हे १९६० च्या दशकापासूनचं. गोळी घेऊन त्याचा उपयोग होत नाही, म्हणून पोटाच्या कातडीखाली सुई आणि पंप, रात्री ८ ते १२ तास, आठवड्यातल्या ५-६ रात्री. लहानपणी तो हात आवळून सुई टोचून घ्यायचा. पोटावर गाठी आल्या, टोचायला जागा उरेना. पंधराव्या वर्षी तो मध्यरात्री सुई काढून फेकू लागला. सकाळी भिजलेली चादर दिसायची, औषध सगळं गादीत गेलेलं. त्याला रागवायचं कोणत्या तोंडाने? त्याच्या वयाची मुलं दाढी करू लागली तेव्हा याची उंचीच थांबली होती, कारण लोह वाढीवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतही साठतं. पुढे मधुमेह झाला. त्याचीही सुई आली.

मग डेफेरिप्रोन. हृदयातलं लोह काढायला ते चांगलं, पण काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी अचानक कोसळतात. याच्या कोसळल्या, तापाने फणफणला, आणि ते औषध कायमचं बंद झालं. शेवटी डेफेरासिरॉक्स, दिवसातून एकदाच घ्यायचं. त्याने क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला, मात्रा निम्मी करावी लागली. निम्म्या मात्रेने फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाचा रक्तातला आकडा, उतरत नाही. आता पुन्हा पंप, तोही चोवीस तास.

डेफेरासिरॉक्सला अमेरिकेत मान्यता मिळाली २००५ मध्ये. त्यानंतर या कामासाठी नवं रसायन बाजारात आलेलं नाही. डेफेरिटाझोल नावाचं एक नवं औषध माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलं आणि तिथेच थांबलं. मूत्रपिंडाला न दुखवता हृदयातून लोह ओढून आणणारा रेणू शोधायला वर्षं लागतात, पैसा लागतो, आणि मर्यादित रुग्णांसाठी कंपन्या तो घालत नाहीत. मग कोणी घालायचा? १९९६ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत डेफेरिप्रोनच्या चाचण्या करणाऱ्या डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी यांनी त्याच्या धोक्याची शंका रुग्णांना सांगायची ठरवली, तेव्हा पैसा पुरवणाऱ्या कंपनीने चाचण्याच बंद केल्या. संशोधन सरकारी पैशाने का व्हायला हवं, याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही.

आपले अधिकारी म्हणतात, आता जनुकोपचार आले, म्हणजे जनुकातला दोषच दुरुस्त करणारे उपचार. आले ना! किती जणांपर्यंत पोहोचले? आणि अस्थिमज्जा बदलून मूल बरं झालं तरी आधी साठलेलं लोह आतच राहतं, तेही काढावंच लागतं. हे खात्यात कोणालाच ठाऊक नाही का? की ठाऊक असून फाइल पुढे ढकलली? समित्या नेमायला पैसा आहे, कोनशिलांना आहे, त्यावर नावं कोरायला आहे. प्रयोगशाळेत दहा वर्षं चिकाटीने चालणाऱ्या कामाची फीत कापता येत नाही, म्हणून त्याला पैसा नाही. निवडणुकीत मोजण्याइतके आम्ही नाही, एवढंच त्या पत्रात लिहिलं आहे.

मला सांत्वनाचं पत्र नको. निधीची रक्कम किती, कोणत्या संस्थेला आणि कोणत्या तारखेला, हे लिहून कळवा. संशोधनाला वेळ लागेल हे मला कळतं. तोवर आहेत ती तीन औषधं दवाखान्यात एक दिवसही संपणार नाहीत आणि प्रत्येक रुग्णाचा हृदयाचा एमआरआय दरवर्षी होईल, असा लेखी आदेश काढा. त्याला कुठलाही नवा शोध लागत नाही, आपली सही लागते.

थॅलेसीमिया मेजर असलेल्या मुलाची आई