जुने अल्बम मिळमिळीत का वाटतात

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

जुने रॉक अल्बम मिळमिळीत आणि नवे दणदणीत, असं तू लिहिलंस. निकाल देण्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करून घे. एकच गाणं दोन डेसिबल मोठं लावलं तरी कानाला ते जास्त चांगलं वाटतं, फसगत होते ती इथे. अ‍ॅपमध्ये नॉर्मलायझेशन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) चालू ठेव, इक्वलायझर (सूर कमी-जास्त करणारी सोय) आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद कर. शफल तर नकोच, अल्बम पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐक.

आता मेटॅलिका या बँडचा 2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' लाव. डिजिटल आवाजाला वर एक छत, म्हणजे कमाल मर्यादा असते. आवाजाची लाट त्याला धडकली की तिचा शेंडा सपाट कापला जातो आणि ती खरखर कानाला लागते. इथे हे मिक्सिंगपासूनच, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र मिसळतानाच झालंय. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि गिटार एकाच उंचीवर दाबलेत, त्यामुळे ड्रमचा फटका बसतच नाही. 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये आलेल्या याच गाण्यांत ही छाटणी कमी होती, म्हणून चाहत्यांनी ती आवृत्ती उचलून धरली. गाणी दमदार आहेत, म्हणून तर जास्त हळहळ वाटते.

लगेच लेड झेपेलिन या बँडच्या 1971 च्या चौथ्या अल्बममधलं शेवटचं, सात मिनिटांचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' ऐक. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात, जिन्याखालच्या प्रवेशदालनात ड्रमर जॉन बोनमचे ड्रम मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने वरच्या जिन्यातून दोन माइक खाली सोडले होते. ड्रमला माइक चिकटवलेलाच नाही. म्हणून फटक्यामागून त्या जिन्याची पोकळीही ऐकू येते. नंतर टेपचा वेग कमी केला, त्याने आवाज आणखी जड झाला. पहिले दोन फटके संपल्यावर मधे जी जागा उरते ना, तिच्याकडे लक्ष दे. ती जागा 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये शोधून सापडणार नाही.

पण म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. पिंक फ्लॉइड या बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' अल्बमचा (1973) ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स. त्यानेच 40 वर्षांनी, 2013 मध्ये आलेल्या गायक-संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या 'द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग' अल्बमचं ध्वनिमुद्रण केलं. त्यातलं बारा मिनिटांचं 'ल्युमिनॉल' लाव: बास गिटार पुढे, तरी मधले हलक्या आवाजाचे भाग हलकेच राहतात. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतल्या उत्तम ध्वनिमुद्रणांत याची गणना व्हावी. म्हणजे दोष नव्या काळाचा नाही, सगळं छताला भिडवण्याच्या हट्टाचा आहे.

'रिमास्टर्ड' (जुन्या ध्वनिमुद्रणावर नव्याने काम केलेली प्रत) असा शिक्का पाहून मात्र लगेच भुलू नकोस. काही रिमास्टरही असेच दाबलेले निघतात. जुनी आणि नवी प्रत सारख्या आवाजात लावून बघ, स्नेअर कुठे मोकळा वाजतो ते लगेच कळेल.

'डार्क साइड' ऐकताना 'द ग्रेट गिग इन द स्काय' संपलं की अर्धा मिनिट थांब. तबकडीची पहिली बाजू तिथेच संपते, ती उलटवायला तेवढा वेळ लागायचाच. मग पुढचं गाणं, 'मनी'. त्यातला नाण्यांचा खणखणाट टेपचे तुकडे मोजून, जोडून केलेला आहे. सात मात्रा बोटांवर मोज. आपल्या रूपक तालाच्याही सातच, पण वजन वेगळीकडे पडतं. गिटारच्या सोलोला ताल चारांवर जातो, तो नेमका कधी बदलतो ते मला कळव.

तुझा,
बाबा