उपाशीपोटी २१०

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर माझ्या मधुमेहावरून तू चिडलास. "आई, खरं सांग, रात्री काय खाल्लंस?" मी गप्प बसले. बोलताना मला सुचत नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या रात्री मी काहीच खाल्लं नव्हतं. पीठ काढलं, पण एकटीसाठी तवा तापवायचं जिवावर आलं. तशीच आडवी झाले. झोप नाहीच. सकाळी बोट टोचून साखर बघितली तर २१०. पोटात अन्नाचा कण नाही, मग साखर आली कुठून, मलाही कळेना.

यकृतातून, असं डॉक्टर म्हणाले. माणूस दिवसेंदिवस दुःखात, धसक्यात असला की शरीराला ते संकटच वाटतं. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनालिन ही ताणाची संप्रेरकं वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. जागरणाची त्यात भर.

रक्ततपासणीतलं एचबीए१सी ७.१ वरून ९.६ झालं, त्याला तू निष्काळजीपणा म्हणालास. साखर रक्तातल्या तांबड्या पेशींना चिकटते आणि त्या साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्या आकड्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर दिसते. बाळा, ते महिने कोणते होते, एकदा मोजून बघ. बाबांचं तेरावं करून तू परत गेलास, तेव्हापासूनचे आहेत ते.

एक गोष्ट मात्र मी खरंच लपवली. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि जेवले नाही, असं एकदा झालं. दुपारी दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मशीनवर साखर ५८ पर्यंत उतरलेली. घरात कोणी नाही. देवापुढच्या वाटीतली साखर तोंडात कोंबली आणि ओट्याला टेकून खाली बसले. उठायला अर्धा तास लागला. त्या दिवसापासून ती गोळी मी कोणाला न विचारता बंद केली. साखर वाढली तर वाढू दे, पण एकटी असताना पुन्हा तसं नको, एवढंच डोक्यात होतं. तू रागावशील म्हणून तुला बोलले नाही.

या खेपेला डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून नऊ प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागलं नाही असे किती दिवस? झोप, भूक, थकवा? शेवटचा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा होता. त्याला मी नाही म्हटलं आणि ते खरं आहे, घाबरू नकोस. पण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांना "जवळजवळ रोज" हेच उत्तर आलं. ते म्हणाले, टोचणं, गोळ्या, पथ्य, घरच्यांची चौकशी, या सगळ्याचा वीट येणं वेगळं आणि नैराश्य वेगळं. तुमच्यात दोन्ही आहेत, आणि दोन्हींवर उपाय आहेत. एवढं ऐकून मला तिथेच रडू आलं. मी आळशी झाले आहे, असंच मी इतके दिवस समजत होते.

आता साखर एकदम उतरणार नाही अशी गोळी बदलून दिली आहे. नैराश्याची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. तिच्याने साखर आपोआप खाली येईल असं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. पण पहाटेपर्यंत झोप लागते. संध्याकाळी शेजारच्या काकूंबरोबर तळ्यापर्यंत चालून येते. मध्ये एका रात्री फारच भरून आलं, तेव्हा १४४१६ ला, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी मराठीतून बोलली, घाई न करता. काल दोन भाकऱ्या केल्या, स्वतःसाठी.

साखरेचे आकडे मी वहीत लिहिते आहे, डॉक्टरांना दाखवीन. रविवारी फोन करशील तेव्हा बाबांविषयी बोल. तेराव्यानंतर आपण दोघांनी त्यांचं नावच घेतलेलं नाही.

तुझी,
आई