सहा महिन्यांचा हिशोब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खेळाडूचं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं की क्रीडापानावर एक ओळ ठरलेली असते : ‘शस्त्रक्रिया यशस्वी, सहा महिन्यांत मैदानात परतणार.’ खेळाडू नसलेले पेशंटही ही ओळ वाचतात आणि कॅलेंडरवर खूण करून मोकळे होतात. मग पहिल्या दोन आठवड्यांत जे करायलाच हवं ते राहून जातं, आणि सहाव्या महिन्यात जे करू नये ते हमखास होतं. रोज असे गुडघे तपासणाऱ्या आम्हा फिजिओथेरपिस्टना याबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं.

एसीएलच्या, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत जोडून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर सगळ्यांना काळजी गुडघा वाकण्याची. खरी काळजी तो सरळ होण्याची करायला हवी. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की सांध्यात जागा होते, ठणका कमी होतो. म्हणून घरचे प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात. ही उशी पहिल्या दिवशीच काढा. उशी घ्यायची ती टाचेखाली. महिनाभर गुडघा पाच-दहा अंश वाकलेलाच राहिला तर मागचा भाग आखडतो, नव्या लिगामेंटच्या पुढे जाड व्रण तयार होऊ शकतो, आणि तो दाराच्या फटीत अडकलेल्या खड्यासारखा गुडघा पूर्ण सरळ होऊ देत नाही. कधी कधी तो काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते.

करायचं सोपं आहे. टाचेखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा, गुडघा आणि पोटरी अधांतरी राहू द्या. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्याच स्थितीत मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, आवळा. गुडघ्याची वाटी मांडीच्या दिशेने वर सरकताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर आपण नुसता नितंब आवळतोय असं समजा. पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा, आणि जागेपणी दर दोन-तीन तासांनी. सूज असेपर्यंत मेंदू हा स्नायू जणू बंद करून ठेवतो, त्यामुळे तो काही दिवसांत वाळतो. पेशंट आळशी नसतो, स्नायूला हुकूमच पोचत नसतो. अशा वेळी फिजिओकडची विजेची उत्तेजना खरंच कामाची.

तपासायची एक घरगुती रीत : पलंगावर पालथं झोपून दोन्ही पाय गुडघ्याच्या खालून पलंगाबाहेर सोडा आणि कुणाला तरी टाचांची उंची बघायला सांगा. एक टाच वर राहिली तर तो गुडघा अजून सरळ झालेला नाही. दर सेंटिमीटरला साधारण एक अंश कमी. कुबड्या तारीख बघून सोडू नयेत. सरळ पाय उचलताना गुडघा लुळा पडत नाही आणि चालताना लंगड येत नाही, तेव्हाच सोडाव्यात. (मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला, टाके असतील तर वजन टाकण्याचे आणि वाकवण्याचे नियम वेगळे, ते सर्जनकडून लिहून घ्यावेत.) वाकण्याचं म्हणाल तर दोन आठवड्यांत ९० अंश, सहा आठवड्यांत १२०च्या आसपास, एवढं पुरे.

यानंतरचा काळ सर्वांत फसवा. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवलेला ग्राफ्ट, म्हणजेच ते नवं लिगामेंट, सुरुवातीला रक्तपुरवठा नसलेला दोर असतो. त्यात रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू विरघळतात, नवे भरतात. ही उलथापालथ चालू असताना, साधारण सहा ते बारा आठवड्यांत, तो सर्वांत कमजोर असतो. नेमकं याच वेळी दुखणं थांबतं, सूज उतरते आणि पेशंट फिजिओथेरपी सोडतो. व्यायाम जास्त झाला का, याचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळचा गुडघा देतो. वाटीच्या आतल्या बाजूने तळहात वर फिरवा, मग बाहेरच्या बाजूने खाली. आतल्या खळग्यात पाण्याची लाट परत आली तर भार कमी करायचा.

जिममध्ये लेग प्रेसवर वजन वाढतंय म्हणून खूश होणारे खूप. त्या यंत्रावर नितंब आणि मांडीचा मागचा स्नायू क्वाड्रिसेप्सची उणीव झाकून टाकतात. ताकद एकेका पायाची, बसून गुडघा सरळ करण्याच्या यंत्रावर मोजावी लागते. (हा व्यायाम सुरुवातीला ९० ते ४५ अंशांतच करावा.) दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांचं अंतरही तेवढंच. तरी एक मेख आहे : या काळात चांगला पायही बसून बसून कमजोर झालेला असतो, त्यामुळे ९० टक्के हा आकडा थोडा खोटं बोलतो.

आणि महिने? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे-अमेरिकेच्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबलं, तितकी दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता सुमारे निम्म्याने घटलेली दिसली. म्हणजे नऊ महिने हा उंबरठा, आणि तोही चाचण्या पास झाल्या तरच. बातमीदारांनी एवढं लक्षात घेतलं तरी खूप.

सर्जन मंडळींना विनंती, डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘व्यायाम करा’ लिहू नये. सरळपणा किती अंश, वाकणं किती, सूज किती, पाय उचलताना गुडघा लुळा पडतो का, असे चार रकाने असलेल्या तक्त्यात दर भेटीला आकडे भरावेत. खाली ठळक अक्षरांत असावं : पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी दाखवा, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जा.

आपले,
फिजिओथेरपी करणारे काही वाचक