घराला चाकं असली तरी पट्टी माझ्याच नावावर

लिंकनशायर, इंग्लंड
१६ मार्च

ती. बाबा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तब्येत उत्तम, जेवण वेळेवर. थंडी ओसरली, त्यामुळे आईने आता स्वेटर पाठवायची घाई करू नये.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत, "चाकावरच्या घराला घरपट्टी कसली? आणि पट्टीच नसेल तर तुझा पत्ता कुठला?" फोनवर मी गडबडलो. तुम्ही तीस वर्षं ग्रामसेवक म्हणून नमुना आठ लिहिलात, तुम्हाला वरवरचं उत्तर पटणार नाही. पट्टीचं बिल कालच आलं. ते समोर ठेवून लिहितो.

इथे घरपट्टीला कौन्सिल टॅक्स म्हणतात, कौन्सिल म्हणजे इथली स्थानिक संस्था. माझ्यासारख्या स्टॅटिक कॅरॅव्हॅनला, म्हणजे चाकं असून एका जागी उभ्या असलेल्या घराला, तो लागू होतो की नाही हे चाकांवर ठरत नाही, माणूस तिथे कायमचा राहतो का यावर ठरतं. ते त्याचं मुख्य घर असेल, तर कॅरॅव्हॅन आणि ती उभी असलेली जागा मिळून एक 'निवासस्थान' धरतात आणि पट्टी लावतात. अशी घरं ओळीने उभी असतात त्या आवाराला पार्क म्हणतात. स्केगनेसच्या किनाऱ्याला सुट्टीसाठीचे पार्क आहेत, त्यांचं वेगळं. तिथे पार्कचा मालक धंद्याचा कर भरतो आणि तो भाड्यातून वसूल करतो. तिथे कायम राहायला परवानगी नसते, बरेच पार्क हिवाळ्यात काही आठवडे बंदही असतात. "दुसरीकडे तुमचं खरं घर आहे" हे दाखवायला ते कौन्सिल टॅक्सचं बिलच मागतात. स्वस्त पडतं म्हणून लोक तिथे गुपचूप राहतात. कौन्सिलला कळलं तर पट्टी लावतेच, पण पट्टी भरली म्हणून राहणं कायदेशीर होत नाही आणि मालक बाहेर काढू शकतो. आपल्याकडे अतिक्रमणाची घरपट्टी भरली तरी जागा नावावर होत नाही, तसंच. म्हणून मी आधी पार्कचं लायसन कौन्सिलकडून तपासून घेतलं. त्यावर बारमाही निवासाचा शेरा आहे. १९८३ च्या मोबाइल होम्स कायद्याखालचा लेखी करारही हातात आहे, त्यामुळे कोर्टाच्या हुकुमाशिवाय मला कोणी उठवू शकत नाही. उगाच काळजी करू नका.

आता इथली एक गोष्ट सांगतो, जी मला समजायला फार वेळ लागला. पट्टी आजच्या किमतीवर नाही, खरेदीच्या किमतीवरही नाही. १ एप्रिल १९९१ या एका दिवशी हे घर बाजारात किती किमतीला गेलं असतं, त्यावर ठरते! माझं घर कारखान्यातून २०१२ मध्ये बाहेर पडलं. म्हणजे त्या दिवशी ते नव्हतंच. तरी "असतं तर काय किंमत आली असती" असा हिशेब करायचा. हे काम कौन्सिल करत नाही, सरकारचं वेगळं मूल्यांकन खातं करतं. त्यांनी ए ते एच असे आठ गट पाडलेत, त्यांना बँड म्हणतात. ४०,००० पौंडांपर्यंत ए, ५२,००० पर्यंत बी, असं वर जात ३,२०,००० च्या पुढे एच. इंग्लंडमध्ये तेव्हापासून फेरमूल्यांकन झालेलंच नाही. शेजारच्या वेल्सने २००३ च्या किमती धरल्या, इंग्लंड १९९१ लाच थांबलंय. अशी कॅरॅव्हॅनची घरं जवळजवळ सगळी ए मध्ये येतात. बँड चुकलाय असं वाटलं, तर आपण करदाते झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हरकत घ्यायची. माझा ए आहे, त्याच्या खाली काही नाही, तेव्हा हरकतीचा प्रश्न नव्हता.

रक्कम डी बँडवरून निघते. ए ला डीच्या सहा नवमांश, एच ला दुप्पट. समजा डीचे २,१०० पौंड असतील, तर ए चे १,४००. घरात दोन मोठी माणसं आहेत असं धरून ही पट्टी असते. एकटा राहत असेल तर २५ टक्के सूट, म्हणजे १,०५०. एप्रिल ते जानेवारी दहा हप्ते, प्रत्येकी १०५. मागून घेतले तर बारा हप्तेही करून देतात. सूट आपोआप मिळत नाही, कौन्सिलच्या वेबसाइटवर अर्ज करावा लागतो. उत्पन्न कमी असणाऱ्यांना आणखी एक सवलत असते, ती मात्र आमच्यासारख्या व्हिसावाल्यांनी घ्यायची नाही. ती सरकारी मदत धरतात आणि व्हिसा अडचणीत येतो. एकट्याची सूट तशी धरत नाहीत, म्हणून तीच घेतली.

बिलाचा कागद तुम्हाला आवडेल. काउंटीचे किती, जिल्ह्याचे किती, पोलिसांचे किती, सगळ्यात खाली गावच्या पॅरिश कौन्सिलचे किती, आणि प्रत्येकापुढे यंदा किती टक्के वाढ झाली तो आकडा. वरच्या कोपऱ्यात माझं नाव आणि माझ्या प्लॉटचा नंबर. तुम्ही विचारलेला पत्ता तो हाच. बँकेत, दवाखान्यात हाच कागद चालतो.

हप्ता चुकला तर मात्र गय नाही. स्मरणपत्र येतं, सात दिवसांत भरायचं. नाही भरलं तर हप्त्यांची सोय जाते, उरलेल्या वर्षाची रक्कम एकदम मागतात, पुढे कोर्टाचं समन्स आणि त्याचा खर्च आपल्याच माथी. म्हणून मी पैसे थेट खात्यातून कापून जायला लावलेत. जागेचं भाडं याहून वेगळं, ते पार्कच्या मालकाला. जमीन त्याची, घर माझं. हेही कबूल करतो की हे घर विकताना विक्रीच्या किमतीतून दहा टक्क्यांपर्यंत कमिशन त्याला जातं, आणि वर्षं सरतील तशी घराची किंमत उतरते. आपल्या गुंठ्यासारखं ते वाढत नाही.

आई, भिंती पातळ नाहीत. हे घर बारमाही राहण्याच्या मापाने बांधलेलं आहे. गॅसच्या ४७ किलोच्या दोन टाक्या बाहेर असतात, एक संपली की दुसरी चालू होते. मी गारठत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पट्टीचा हप्ता नसतो. ते २१० पौंड आणि वर थोडे घालून काल पाठवलेत. सोसायटीचं मार्चअखेरच्या आत भरून टाका. स्लॅबचं यंदाही लांबलं, ते मला कळतंय. ते पैसे या घरात गेले. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, म्हणून जास्त लागतं. आजीच्या वर्षश्राद्धालाही नव्हतो. पुढच्या वर्षी स्लॅब नक्की.

कऱ्हाडच्या स्थळाला कृपा करून "इंग्लंडात बंगला आहे" असं सांगू नका. दोन खोल्यांचं, चाकांवरचं, स्वतःच्या मालकीचं घर आहे, जागा भाड्याची आहे, असं सरळ सांगा. हवं तर मुलीच्या वडिलांना या बिलाचा फोटो दाखवा, सोबत पाठवतोय. ठरलंच, तर ती आल्यापासून २१ दिवसांच्या आत मला कौन्सिलला कळवावं लागेल, नाहीतर ७० पौंड दंड होऊ शकतो. माझी सूट जाईल, वर्षाचे ३५० पौंड वाढतील. त्याचं काही नाही. बिलावर तिचंही नाव येईल, आणि पुढे व्हिसा वाढवताना आम्ही एकत्र राहतो याचा तोच पुरावा लागतो. तिला फोटो आधी बघू दे, मग बोलणी करा.

मे महिन्यात बारा दिवसांची सुट्टी मागितली आहे. मिळाली की कळवतो.

तुमचा,
बाळू